पित्ताशयाचं ऑपरेशन करणारा सर्जन डिग्रीनंतर काय शिकतो, आणि कुठे?

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन मुंबईत आता इतकं सरावाचं झालंय, की "दुर्बिणीनं आहे ना, मग काय, दुसऱ्या दिवशी घरी" असं डॉक्टरांच्या आधी शेजारीच सांगून टाकतात. दादर-ठाण्यापासून वसई-विरारपर्यंत लहानमोठ्या नर्सिंग होममध्ये हे ऑपरेशन होतं आणि बहुतेकांचं खरोखरच सुरळीत पार पडतं. पण पित्ताशयाला लागूनच जी मुख्य पित्तनलिका जाते, ती जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असते. ती चुकून कापली गेली, तर दुसऱ्या दिवशी घरी जाणारा माणूस पुढची काही वर्षं हॉस्पिटलच्या चकरा मारत राहतो. यकृत आणि पित्तमार्गावर काम करणाऱ्या सर्जननं डिग्रीनंतरही शिकत का राहायचं, ते या नळीवरून फार स्पष्ट कळतं.

आधी रचना समजून घेऊ. यकृत पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसाच्या यकृताचं वजन साधारण दीड किलो. रोज ते अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी बाहेर येते, दोन्ही मिळून एक होतात आणि ती नळी खाली आतड्याकडे जाते. हा हमरस्ता. पित्ताशय त्या रस्त्यावर नसतं, बाजूच्या एका लहानशा फाट्याच्या टोकाला असतं. ऑपरेशनमध्ये दोनच गोष्टी कापायच्या असतात: तो फाटा आणि पित्ताशयाला रक्त पुरवणारी बारीक धमनी.

पुस्तकातल्या चित्रात हे स्वच्छ दिसतं. माणसांच्या पोटात मात्र कुणाचा फाटा अगदीच आखूड असतो, कुणाच्या उजव्या यकृताची एखादी नळी भलतीच खाली येऊन मिळते, कुणाची उजवी धमनी वळसा घेऊन पित्ताशयाला टेकून जाते. वर्षानुवर्षं खडे बाळगलेल्या, दोन-तीनदा सुजून बसलेल्या पित्ताशयात तर सगळं एकमेकांना चिकटून नुसता गोळा झालेला असतो. अशा पोटात नेमकं काय सापडेल, ते सोनोग्राफीही पूर्णपणे सांगू शकत नाही.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली केलं. पुढची शंभर वर्षं सर्जन ते पोट उघडून, हातानं चाचपून करत राहिले. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी आणि १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी ते दुर्बिणीतून केलं. आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते करून दाखवलं. म्हणजे वीस-वीस वर्षं पोट उघडून सफाईनं काम केलेल्या सर्जनना चाळिशी-पन्नाशीत नव्यानं शिकायची वेळ आली. स्पर्श गेला, खोलीचा अंदाज गेला. समोर उरला एक सपाट पडदा आणि हातात लांब दांड्याची हत्यारं.

त्या काळात अमेरिकेत दोन दिवसांचे कोर्स निघाले. शनिवार-रविवार डुकरांवर सराव करायचा आणि पुढच्या आठवड्यात माणसांवर ऑपरेशन. त्याचा परिणाम आकड्यांत दिसला. १९९५ मध्ये तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या ५५ सर्जनच्या ८,८३९ ऑपरेशनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेला इजा झाल्याच्या १५ घटना होत्या आणि त्यांतल्या ९० टक्के प्रत्येक सर्जनच्या पहिल्या ३० केसमध्ये घडल्या होत्या. पहिल्या केसला इजेचा धोका १.७ टक्के निघाला, पन्नासाव्या केसला ०.१७ टक्के. एकाच माणसाचा हात, फरक दहापट. नवं तंत्र शिकताना कुणीतरी जाणता बाजूला उभा असावा लागतो, हे तेव्हा फार मोठी किंमत देऊन कळलं.

पण फक्त केस वाढल्या की चूक संपते, असं मात्र नाही. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकेच्या २५२ इजांची छाननी केली. त्यात हाताचं कसब कमी पडल्याची उदाहरणं फक्त ३ टक्के होती. उरलेल्या ९७ टक्क्यांत डोळ्यांची फसगत झाली होती. सर्जननं नीट, सावकाश, सफाईनं काम केलं होतं, पण चुकीच्या नळीवर.

हे कसं घडतं ते जरा जवळून पाहू. पेशंट भुलीखाली आहे. मदतनीस रेसिडेंटनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, पित्ताशयाचा शेंडा पकडून यकृतावरून उजव्या खांद्याच्या दिशेनं वर ढकलून धरलाय. सर्जनच्या डाव्या हातातल्या चिमट्यात पित्ताशयाची मान आहे. ती मान बाहेरच्या बाजूला ओढली, तर फाटा आणि मुख्य नळी यांच्यात कोन होतो आणि दोन्ही वेगळ्या दिसतात. ती नुसतीच वर ओढली गेली, तर कोन मिटतो आणि दोन्ही एका सरळ रेषेत येतात. पडद्यावर एक नळी दिसते, थेट पित्ताशयात शिरणारी. मेंदू सांगतो, हाच फाटा. क्लिप लागतात, कात्री चालते. मग थोडं वर आणखी एक नळी आडवी येते. खरं तर थबकायची वेळ ही असते. पण एकदा "हाच फाटा" असं मनात ठरलं, की ही दुसरी नळी म्हणजे एखादी जादाची बारीक नळी असणार, असं स्पष्टीकरण मन आपोआप तयार करतं. तीही कापली जाते. मुख्य नलिकेचा तुकडाच पित्ताशयाबरोबर बाहेर येतो आणि ऑपरेशनच्या नोंदीत "काही अडचण आली नाही" असं लिहिलं जातं. लिहिणारा खोटं लिहीत नसतो, त्याला खरोखर तसंच दिसलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी पेशंटचं पोट फुगतं, ताप येतो, डोळे पिवळे होतात.

या फसगतीवर उपाय म्हणून सेंट लुईसचे सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये तीन अटी मांडल्या. पित्ताशय, यकृत आणि नळी यांच्यामधल्या त्रिकोणातली सगळी चरबी आणि चिकटा साफ करायचा. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करून मागचं यकृत दिसू द्यायचं. आणि मग पित्ताशयात शिरताना दोन, फक्त दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. तिन्ही अटी पुऱ्या होईपर्यंत क्लिपला हात लावायचा नाही. हे वाचायला दोन मिनिटं पुरतात. पण अटी पुऱ्या झाल्या आहेत की नाहीत हे ठरवणारे डोळेही त्याच सर्जनचे, जे मघाशी फसले होते. म्हणून आता शिकवताना सांगतात, कापण्याआधी थांबा, पुढून एक आणि मागून एक फोटो घ्या, शक्य असेल तर ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) दुसऱ्या सर्जनला दाखवा. नोंदीत "तिन्ही अटी पूर्ण" असं लिहिलेल्या केसचे व्हिडिओ तिऱ्हाईतांनी पाहिले, तेव्हा अनेकांत त्या पूर्ण झाल्याच नव्हत्या, असंही अभ्यासांत आढळलंय.

अलीकडे मदतीला एक हिरवं औषधही आलंय, इंडोसायनीन ग्रीन. ऑपरेशनआधी ते शिरेतून देतात, यकृत ते पित्तात सोडतं आणि खास कॅमेऱ्यात पित्तनलिका हिरवी चमकते. उपयोगी आहे. पण सूज फार असेल तर आतली नळी तितकीशी दिसत नाही, त्यामुळे कॅमेरा घेतला म्हणजे काळजी मिटली असं समजू नये.

माझ्या मते या विषयातलं सर्वात अवघड शिक्षण पुढचंच आहे, थांबायचं कधी हे शिकणं. त्रिकोण दगडासारखा कडक झालाय, अटी पुऱ्या होत नाहीत. मग काय करायचं? पित्ताशयाचा वरचा भाग कापून, खडे काढून, खालचा भाग तसाच ठेवता येतो. पोट उघडता येतं. पित्त बाहेर यायला नुसती नळी टाकून बाहेर पडता येतं आणि पेशंटला मोठ्या केंद्राकडे पाठवता येतं. २०१८ च्या टोकियो मार्गदर्शक सूचनांमध्ये यांतले पहिले दोन पर्याय सुरक्षित मार्ग म्हणूनच मांडले आहेत. तरीही ओटीतून बाहेर येऊन नातेवाइकांना हे सांगायचं म्हणजे जड जातं. बाहेर पेशंटचा भाऊ उभा असतो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तर दुर्बिणीनं म्हणाला होता, मग एवढी मोठी चीर? काही गडबड झाली का?" पॅकेज ठरलेलं असतं, बिल वाढणार असतं. या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी नसलेला सर्जन आत "अजून थोडं बघू" म्हणत पुढे जातो, आणि धोका तिथेच वाढतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात ऑपरेशनआधी काय बोलायचं, संमती घेताना "गरज पडली तर पोट उघडावं लागेल, आणि ते तुमच्या भल्यासाठीच असेल" हे कसं समजावायचं, याचाही सराव असायला हवा. आपल्याकडे त्यावर फार कमी वेळ दिला जातो.

आणि इजा झालीच तर? १९९५ च्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात, ज्या सर्जनकडून इजा झाली त्यानंच दुरुस्ती केली तेव्हा ती १७ टक्के वेळा यशस्वी झाली. पित्तमार्गाच्या तज्ज्ञानं मोठ्या केंद्रात केली तेव्हा ९४ टक्के. या दुरुस्तीत आतड्याचा एक लूप वर आणून यकृताच्या तोंडाशी, निरोगी नळीला बारीक टाक्यांनी जोडावा लागतो. पहिल्या प्रयत्नात जमलं तर ठीक, फसलं तर नळी आखडत जाते, पुन्हापुन्हा कावीळ आणि ताप येतो, काहींचं यकृतही निकामी होतं. म्हणून डोंबिवलीच्या किंवा पालघरच्या जनरल सर्जनला शिकवायचं ते एवढंच की घाबरू नका, स्वतः जोडायला जाऊ नका, पित्त बाहेर यायला नळी ठेवा, पेशंट स्थिर करा, फोन उचला. दुरुस्तीचं बारीक तंत्र शिकायचं ते परळला किंवा तशाच मोठ्या केंद्रात बसलेल्या तज्ज्ञानं. दोघांचा विषय एक असला तरी अभ्यासक्रम वेगळा आहे, आणि एकाच हॉलमध्ये दोघांना तेच भाषण ऐकवून भागत नाही.

आता नियमाकडे येऊ. डॉक्टरांच्या २००२ च्या राष्ट्रीय आचारसंहितेत दर पाच वर्षांत निदान ३० तासांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं असं म्हटलंय. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद ३० क्रेडिट पॉइंट मागते. कार्यक्रम घेणारी संस्था आधी परिषदेकडे अर्ज करते, पॉइंट मंजूर होतात, परिषदेचा निरीक्षक हजर राहतो, सह्या होतात. बोलीत याला सगळे "सीएमई" म्हणतात, आणि पाच वर्षं संपत आली की "माझे पॉइंट कमी पडतायत, कुठे सीएमई आहे का?" ही विचारणा डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास दिसते. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला ६, एक रविवार. आचारसंहितेतल्या त्या कलमात तासांचा आकडा आहे, विषयाचा उल्लेख नाही.

हा नियम नसता तर बरं, असं मी मुळीच म्हणणार नाही. एकट्यानं प्रॅक्टिस करणारा डॉक्टर निदान वर्षातून एकदा चार सहकाऱ्यांत येऊन बसतो, हेही मोलाचं आहे. २००५ मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसा उपचारांचा दर्जा घसरत जातो असं त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत दिसलं होतं. अनुभवानं शहाणपण येतं हे खरं, पण ज्ञान जुनंही होतं. प्रश्न एवढाच की हॉलमध्ये बसून ऐकल्यानं हात बदलतो का? अशा बैठकांवरच्या ८१ प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेनं २००९ मध्ये आढावा घेतला. परिणाम आहे, पण लहान: अपेक्षित पद्धतीनं उपचार करण्याचं प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी सुधारलं. एकतर्फी भाषणापेक्षा चर्चा आणि सराव मिसळलेले कार्यक्रम अधिक उपयोगी ठरले.

उलट, सर्जनचा हात तपासण्याची एक साधी पद्धत २०१३ मध्ये मिशिगनमध्ये वापरली गेली. लठ्ठपणावरचं ऑपरेशन करणाऱ्या २० सर्जननी स्वतःचा एकेक व्हिडिओ दिला. नावं झाकून इतर सर्जननी त्यांना गुण दिले. सर्वात कमी गुणांच्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वात वरच्या गटात ५.२ टक्के. सगळे पात्र, सगळे अनुभवी. ऑपरेशन वेगळं असलं तरी पित्ताशयालाही हे तितकंच लागू आहे, कारण दुर्बिणीच्या प्रत्येक ऑपरेशनचा व्हिडिओ तयारच असतो. फक्त तो जपून ठेवायचा आणि दुसऱ्याला दाखवायचा.

मुंबईत यासाठी लागणारं सगळं हाताशी आहे. परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयांत दगावलेल्या आणि गुंतागुंत झालेल्या केसची नियमित बैठक होते. बाहेरच्या माणसाला ती रूक्ष वाटेल. रेसिडेंट उभा राहून तारीखवार सांगतो, केव्हा ताप आला, केव्हा सोनोग्राफी केली, ड्रेनमध्ये (पोटात ठेवलेल्या नळीत) पित्त केव्हा दिसलं. मग मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "मंगळवारी दिसलं, मग गुरुवारपर्यंत का थांबलात?" त्या प्रश्नानंतरच्या दहा मिनिटांत जे शिकून होतं, ते चकचकीत स्लाइड्सनी होत नाही. खासगी नर्सिंग होममध्ये एकटं काम करणाऱ्याला अशी बैठक मिळतच नाही, आणि त्याचंच मला सर्वात जास्त वाईट वाटतं.

यकृताच्या मोठ्या ऑपरेशनांत तर एकट्या सर्जनचं ज्ञान पुरतच नाही. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ भाग दाखवले, प्रत्येकाला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःची पित्तनळी. म्हणून हवे ते भाग काढून बाकीचे ठेवता येतात. निरोगी यकृताचा साधारण पाव भाग ते तीस टक्के उरला तरी माणूस जगतो आणि यकृत पुन्हा वाढतं, पण सिरोसिस असेल, म्हणजे यकृत आधीच कडक होऊन बिघडलेलं असेल, तर ४० टक्के तरी राखावं लागतं. ते मोजणार रेडिओलॉजिस्ट. कावीळ आधी उतरवायची का, ते ठरवणार एंडोस्कोपी करणारा. औषधं आधी की ऑपरेशन आधी, ते सांगणार कॅन्सरतज्ज्ञ. हे सगळे एका टेबलाशी बसतात ती बैठक म्हणजे ट्यूमर बोर्ड. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामुळे लहान शहरातल्या डॉक्टरलाही आता आपली केस ऑनलाइन बोर्डापुढे मांडता येते. स्वतःच्या पेशंटबद्दल चार तज्ज्ञांना वाद घालताना ऐकणं, हे फार वरच्या दर्जाचं शिक्षण आहे.

नव्याचा मोह आवरणंही याच बैठकांत शिकता येतं. २०१२ मध्ये जर्मन सर्जननी एक तंत्र प्रसिद्ध केलं: यकृत आधी आतल्या आत दोन भागांत वेगळं करायचं, एका बाजूला आतड्याकडून रक्त आणणारी शीर बांधायची, उरणारी बाजू वाढू द्यायची आणि काही दिवसांत दुसरी काढायची. साधारण ९ दिवसांत उरणारा भाग ७४ टक्के वाढला. जगभर उत्साह पसरला. पण त्याच अहवालात २५ पैकी ३ पेशंट दगावल्याचंही लिहिलं होतं. तंत्र टाकाऊ नाही, पण कुणासाठी नाही हे शिकायला पुढची बरीच वर्षं गेली.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मोठ्या परिषदांचा खर्च बऱ्याचदा औषध आणि उपकरण कंपन्या उचलतात. मार्च २०२४ च्या सरकारी संहितेनं औषध कंपन्यांना असे कार्यक्रम परदेशात घ्यायला मनाई केली आणि खर्चाचा हिशेब ठेवायला सांगितलंय. ते चांगलंच झालं. ऑपरेशनमध्ये टाक्यांऐवजी वापरायचं स्टेपलर विकणाऱ्याच्या पैशानं भरलेल्या सत्रात "इथे स्टेपलर नको, साधा टाका पुरे" हे वाक्य ऐकू येणं कठीण.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेनं एक करावं असं मला मनापासून वाटतं. ३० पॉइंटपैकी थोडे तरी स्वतःच्या ऑपरेशनचे व्हिडिओ तिऱ्हाईतांकडून तपासून घेण्यासाठी आणि गुंतागुंतीच्या बैठकीत स्वतःची केस मांडण्यासाठी राखावेत. पेशंटचं नाव झाकून, आणि तिथे बोललेलं त्या डॉक्टरविरुद्ध वापरलं जाणार नाही या हमीवर. तसं संरक्षण नसेल तर कुणी खरं बोलणार नाही.

आणि ऑपरेशनला निघालेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. सर्जनला जरूर विचारा की अवघड वाटलं तर तुम्ही काय कराल. "पोट उघडेन" किंवा "अर्धवट ठेवून मोठ्या ठिकाणी पाठवेन" हे उत्तर ऐकून घाबरू नका, ते जाणत्या माणसाचं उत्तर आहे. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवायला सांगा आणि तो रिपोर्ट हातात घ्या. उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगेकाठच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर बराच आढळतो, मुळं तिकडची असलेली कितीतरी कुटुंबं मुंबईत आहेत, आणि खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात तो अनपेक्षितपणे सापडू शकतो. घरी आल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला, पोट फुगलं किंवा डोळे-लघवी पिवळी झाली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.